पाण्यावरची अदृश्य साय

अक्कलकोट आणि दुधनी यांच्या मधल्या टापूंत मैंदर्गी नांवाचें एक गांव आहे. सोलापूर जिल्ह्याचा हा आग्नेय कोपरा; थोडें पुढें गेलें कीं कर्नाटकाची हद्द लागते, आणि येथल्या बाजारांत मराठी व कानडी या दोन्ही भाषा सारख्याच सहजतेनें कानांवर पडतात. पावसाच्या बाबतींत मात्र निसर्गानें या मुलखाविषयीं हात आखडता घेतला आहे. वर्षाकाठीं ६००-७०० मिलिमीटर पाऊस, तोहि लहरी; आणि उघड्या पाण्याच्या पृष्ठावरून वर्षभरांत वाफ होऊन जाणारें पाणी दीड ते दोन मीटर! मिळकतीच्या दुपटीहून खर्च अधिक, असा हा संसार आहे. १८७६-७८ च्या दुष्काळाची झळ या जिल्ह्याला लागली, १९७२ च्या दुष्काळाचीहि लागली. आणि दर वेळीं तळीं, बंधारे, धरणें यांचा विचार नव्यानें झाला. सोलापूरजवळचा एकरूखचा तलाव १८७१ सालीं पुरा झालेला, म्हणजे त्यांतल्या पहिल्या दुष्काळाच्याहि आधींचा. अक्कलकोट तालुक्यांतलें बोरी नदीवरचें कुरनूर धरण पुष्कळ अलीकडचें. पण पाणी अडविलें म्हणजे तें आपलें झालें, असें नाहीं. चैत्र-वैशाखांतल्या एकाच दिवसांत तळ्याची पातळी सात-आठ मिलिमीटरांनीं उतरूं शकते. एका हेक्टरामागें हा हिशेब ७०,००० लिटरांच्या खालीं येत नाहीं. एवढें पाणी कोणीं प्यालें नाहीं, कोणाच्या पिकाला मिळालें नाहीं. तें नुसतें उडून गेलें.

या उडून जाणाऱ्या पाण्याला झांकण घालतां येईल काय, असा प्रश्न कोणाहि शेतकऱ्याच्या मनांत येईल. तळ्यावर छप्पर कोण घालणार, म्हणून तो सोडून देईल. परंतु गेल्या शतकांत शास्त्रज्ञांनीं हा प्रश्न सोडून दिला नाहीं, आणि त्यांना जें झांकण सांपडलें तें इतकें पातळ होतें कीं त्याहून पातळ झांकण असणें शक्यच नाहीं. त्याची जाडी एका रेणूची! या झांकणाची हकीकत सांगण्याचा आज विचार आहे. ती तळ्यापासून सुरू होते, पण तळ्यावर थांबत नाहीं. कारण तळ्याला जसें पृष्ठ आहे तसेंच पावसाच्या थेंबालाहि आहे आणि पाण्यांतल्या बुडबुड्यालाहि आहे. पाण्यांतून हवेंत, हवेंतून पाण्यांत, किंवा एका द्रवांतून दुसऱ्या द्रवांत कांहीं जावयाचें झालें तर तें या पृष्ठाच्या दारांतूनच जातें. रसायन-अभियंते या येण्याजाण्याला द्रव्य-संक्रमण म्हणतात. आणि या दारावर येऊन बसण्याची कांहीं पदार्थांना विलक्षण हौस असते. साबण, रिठा, शिकेकाई, तेलांतलीं कांहीं द्रव्यें यांच्या रेणूंचें एक टोंक पाण्याला धरून राहतें, दुसरें पाण्यापासून पळतें. असा रेणु पाण्याच्या पोटांत सुखानें राहूं शकत नाहीं. तो पृष्ठावर येतो, एक पाय घरांत व एक पाय बाहेर अशा अवस्थेंत उभा राहतो, आणि पाण्याचा पृष्ठताण कमी करतो. अशा पदार्थांना पृष्ठसक्रिय द्रव्यें असें नांव आहे.

या द्रव्यांशीं माणसाची ओळख जुनी आहे. खवळलेल्या समुद्रावर तेल ओतलें कीं लाटा निवतात, हें रोमन ग्रंथकार प्लिनी याला ठाऊक होतें. अमेरिकेचे बेंजामिन फ्रँकलिन १७५७ सालीं समुद्रप्रवासास निघाले असतां ताफ्यांतल्या दोन गलबतांच्या मागचें पाणी त्यांना चमत्कारिक रीतीनें गुळगुळीत दिसलें. आचाऱ्यांनीं तेलकट पाणी बाहेर ओतलें असेल, असें उत्तर मिळालें. फ्रँकलिन यांनीं तें मनांत ठेविलें, आणि पुढें लंडनजवळच्या क्लॅपहॅम येथील तळ्यावर एक चमचाभर तेल टाकून पाहिलें. तें पसरत गेलें आणि सुमारें अर्धा एकर पाणी आरशासारखें झालें. १७७४ सालीं हा प्रयोग प्रसिद्ध झाला. चमचाभर तेल अर्ध्या एकरावर पसरलें तर त्याची जाडी किती, हा भागाकार शाळेंतल्या मुलालाहि करतां आला असता. त्यानें एका रेणूचें माप हातीं लागलें असतें. पण फ्रँकलिन यांनीं तो केला नाहीं, आणि पुढें शंभरांहून अधिक वर्षें कोणीच केला नाहीं. शास्त्राच्या इतिहासांत असे न केलेले भागाकार पुष्कळ सांपडतील.

तो भागाकार अखेर १८९० सालीं लॉर्ड रॅले यांनीं केला, आणि त्यासाठीं त्यांनीं जें साधन वापरलें तें आपल्या प्रत्येक देवघरांत आहे. श्रोत्यांनीं एक स्वच्छ घासलेली परात घ्यावी, तींत पाणी भरावें, आणि कापराचे दोन-चार कण त्यावर टाकावे. ते कण जिवंत असल्यासारखे गिरक्या घेऊं लागतात. कापूर विरघळतांना आपल्याभोंवतींचा पृष्ठताण कमी करतो, पण सर्व बाजूंना सारखा नव्हे. जिकडे ताण अधिक तिकडे कण ओढला जातो. आतां डोक्याच्या केंसाला बोट लावून तें बोट पाण्याला टेकवावें. नाच तत्काळ थांबतो. बोटावरचें तेल पृष्ठभर पसरून त्यानें सगळीकडचा ताण उतरविलेला असतो. रॅले यांनीं मोठ्या स्नानपात्रांत हाच प्रयोग केला, कापूर थांबविण्यास किती तेल लागतें तें तोलून पाहिलें, आणि तेलाच्या थराची जाडी मिलिमीटराच्या दशलक्षांशाच्या सुमारें दीडपट ठरविली.

याच सुमारास जर्मनींतल्या ब्राउनश्वाइग शहरीं ॲग्नेस पॉकेल्स नांवाची एक कुमारिका आईबापांची शुश्रूषा करीत घर सांभाळीत होती. त्या काळीं तेथील विद्यापीठांचीं दारें स्त्रियांना बंद होतीं. भांडीं विसळतांना तिचें लक्ष पाण्याच्या पृष्ठाकडे गेलें, आणि स्वयंपाकघरांतल्याच सामानानें तिनें एक उथळ पन्हळ तयार केली. तिच्यावर पत्र्याची पट्टी सरकवून पृष्ठावरचा थर दाबतां किंवा सैल करतां येई. कित्येक वर्षें तिनें मोजमापें घेतलीं, पण तीं छापणार कोण? शेवटीं १८९१ च्या जानेवारींत तिनें लॉर्ड रॅले यांना जर्मन भाषेंत पत्र लिहिलें. रॅले यांच्या पत्नीनें त्याचें भाषांतर केलें, आणि रॅले यांनीं तें ‘नेचर’ नियतकालिकाकडे स्वतःच्या शिफारशीनें धाडलें. त्याच वर्षीं मार्चमध्यें तें छापून आलें. एका मोठ्या शास्त्रज्ञानें स्वतःचेंच संशोधन चालू असतां त्याच विषयांतल्या अनोळखी गृहिणीला असा मान द्यावा, ही गोष्ट मला तरी त्या शोधाइतकीच मोलाची वाटते. पुढें अमेरिकेंत अर्व्हिंग लँगम्यूर यांनीं त्याच जातीची पन्हळ सुधारून १९१७ सालीं दाखवून दिलें कीं पृष्ठावरचे रेणु, दाटीवाटीनें बसले म्हणजे, कणसांसारखे उभे राहतात. १९३२ सालीं लँगम्यूर यांना नोबेल पारितोषिक मिळालें. त्याच वर्षीं पॉकेल्सबाईंना त्यांच्या गांवच्या तंत्रविद्यापीठानें सन्माननीय पदवी दिली. तेव्हां त्यांचें वय सत्तरीचें होतें.

आतां आपण झांकणाकडे येऊं. १९२५ सालीं इंग्लंडांत एरिक रिडील यांनीं दाखविलें कीं अशा एकरेणु थरानें पाण्याची वाफ होण्याचा वेग खरोखरच मंदावतो. मात्र कोणताहि थर चालत नाहीं, आणि येथेंच या विषयाची गोम आहे. साबणाचा थर सैल असतो. त्याच्या फटींतून पाण्याचे रेणु खुशाल निसटतात. फ्रँकलिन यांच्या तेलानें लाटा निवाल्या, पण बाष्पीभवन थांबलें नसतें. कारण त्या तेलांतल्या रेणूंच्या शेपट्यांना बांक असतो, आणि वांकड्या काठ्यांची मोळी घट्ट बसत नाहीं. झांकण हवें तर सरळ शेपटीचेच रेणु हवेत. सेटिल अल्कोहोल नांवाचा मेणासारखा पांढरा पदार्थ असा आहे. (नांवांत अल्कोहोल असलें तरी त्याचा मद्याशीं संबंध नाहीं.) एका रेणूनें व्यापलेली जागा धरून गणित केलें तर एक हेक्टर पाणी झांकण्यास हा पदार्थ अवघा २० ग्रॅमांच्या आसपास लागतो. ऑस्ट्रेलियांत मॅन्सफील्ड यांनीं १९५५ च्या सुमारास उघड्या जलाशयांवर तो वापरून पाहिला, आणि दुष्काळी देशांचें लक्ष तिकडे वेधलें.

त्या देशांत आपला देश होताच. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० च्या जानेवारींत सुरू झाली होती. तेथें ए. बी. बिस्वास यांच्या गटानें हा विषय हातीं घेतला. देव, कुळकर्णी, घारपुरे हीं त्या निबंधांवरचीं नांवें पाहिलीं म्हणजे काम कोणाच्या हातून झालें हें कळतें. सेटिल अल्कोहोलाची एक खोड अशी कीं तें आळशी आहे. वाऱ्यानें थर फाटला तर तें पुन्हां लवकर पसरत नाहीं. पुण्याच्या मंडळींनीं रेणूच्या पाण्याकडील टोंकाला आणखी एक लहान दुवा जोडला आणि अल्कॉक्सि-एथेनॉल या जातीचीं द्रव्यें बनविलीं. पाण्याशीं त्यांचा लोभ थोडा अधिक, म्हणून तीं झपाट्यानें पसरतात, आणि शेपट्या लांब व सरळच असल्यामुळें थरहि घट्ट बसतो. १९६० च्या सुमारास हें काम परदेशच्या मान्यवर नियतकालिकांतून प्रसिद्ध झालें.

मग मैंदर्गीच्या परिसरांतलीं तळीं या थरानें झांकलेलीं कां दिसत नाहींत? याचें उत्तर वारा. प्रयोगशाळेच्या शांत भांड्यांत अर्ध्याहून अधिक बाष्पीभवन थांबतें. उघड्या तळ्यावर तोच आंकडा दहा ते तीस टक्क्यांवर येतो. वारा थर एका कांठाला लोटून नेतो, सूक्ष्म जंतु तो खातात, ऊन व धूळ त्याला जीर्ण करतात. म्हणून २० ग्रॅमांवर भागत नाहीं. रोज नवी भर घालावी लागते. तरीहि हा उपाय फुकट म्हणून टाकून देणाऱ्यांशीं मी सहमत नाहीं. वीस टक्के बचत धरली तरी एका हेक्टरामागें एका दिवसाला १४,००० लिटर पाणी वांचतें. माणशीं ४० लिटर धरले तर साडेतीनशें माणसांची ती एका दिवसाची गरज. बारमाही योजना म्हणून हें महाग पडेल. पण पाऊस लांबलेल्या वर्षीं, लहान व वाऱ्यापासून आडोशाला असलेल्या तळ्यावर, शेवटचे दोन महिने, हा हिशेब निराळा होतो.

येथें एक शंका सहज येईल. पाण्याला असें झांकलें तर माशांना प्राणवायु कोठून मिळावयाचा? शंका रास्त आहे, आणि तिच्या उत्तरांतूनच आपण तळ्यावरून बुडबुड्यावर येतों. वाफ होतांना पाण्याच्या रेणूला थरांतून बाहेर पडावें लागतें. तेथें थर हाच अडसर. प्राणवायूचें तसें नाहीं. तो पाण्यांत इतका थोडा विरघळतो—एका लिटरांत आठ मिलिग्रॅमांच्या आसपास—कीं त्याची खरी अडचण दारांत नसून दाराच्या आंतल्या बाजूला आहे. पृष्ठालगतचें पाणी हललें, खालचें ताजें पाणी वर आलें, तरच तो पुढें जातो. तेव्हां पृष्ठसक्रिय द्रव्य प्राणवायूला अडवितें तें भिंत होऊन नव्हे. तें पाण्याची हालचालच थांबवितें.

बुडबुड्याच्या बाबतींत ही गोष्ट विशेष स्पष्ट होते. १९११ सालीं फ्रान्समध्यें हादामार आणि पोलंडांत रिब्चिन्स्की यांनीं स्वतंत्रपणें गणित केलें कीं पाण्यांतून वर चढणाऱ्या बुडबुड्याचें पृष्ठ स्वतःच वाहतें, आंतली हवा फिरते, आणि म्हणून लहान बुडबुडा तेवढ्याच हलक्या घट्ट गोळीच्या दीडपट वेगानें चढला पाहिजे. गणितांत चूक नव्हती. पण लहान बुडबुडे प्रत्यक्षांत गोळीसारखेच सावकाश चढत. याचा उलगडा १९४७ सालीं रशियांत फ्रुमकिन आणि लेव्हिच यांनीं केला. पाणी कितीहि स्वच्छ म्हटलें तरी त्यांत पृष्ठसक्रिय मळाचा अंश असतोच. बुडबुडा चढतांना तो मळ पृष्ठावर येतो आणि प्रवाहाबरोबर खालच्या टोंकाकडे वाहून जमतो. तेथें पृष्ठताण कमी होतो, वरच्या टोंकाकडे अधिक राहतो, आणि हा फरक पृष्ठाला उलट वर खेंचतो. परातींतला कापूर ज्या ओढीनें नाचतो तीच ही ओढ. येथें मात्र ती नाचविण्याऐवजीं नाच थांबविते. बुडबुड्याची कातडी ताठरते, आंतलें अभिसरण मंदावतें, आणि त्याच्या पृष्ठांतून पाण्यांत जाणाऱ्या प्राणवायूचा ओघहि आटतो. एका द्रवांतल्या दुसऱ्या द्रवाच्या थेंबाचीहि हीच कथा.

हा कांहीं केवळ पंडितांचा वाद नव्हे. पिंपरी येथें १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि पुढच्या वर्षीं तेथें पेनिसिलिन तयार होऊं लागलें. पेनिसिलिनची बुरशी मोठ्या टाक्यांतून वाढवितात आणि तिला हवेचे बुडबुडे सोडून श्वास पुरवितात. रसांतला प्राणवायु ती थोड्याच क्षणांत संपविते. हा रस पौष्टिक असल्यामुळें फार फेंसाळतो. वरण उतूं जाऊं नये म्हणून गृहिणी त्यांत तेलाचा थेंब टाकते. पेनिसिलिनच्या टाकींतहि तेंच करतात. फेस बसतो खरा, पण तें तेल बुडबुड्यांवरहि जाऊन बसतें, बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात, आणि बुरशीचा श्वास कोंडूं लागतो. टाकी उतूं देणें परवडत नाहीं आणि बुरशी गुदमरूं देणेंहि परवडत नाहीं. या दोहोंमधून वाट काढणें हीच तेथल्या रसायनज्ञाची कसोटी.

उलटपक्षीं, दुसरीं कित्येक पृष्ठसक्रिय द्रव्यें बुडबुड्यांना एकमेकांत मिसळूं देत नाहींत. मग बुडबुडे बारीक राहतात आणि त्यांचें एकूण पृष्ठ वाढतें. म्हणजे प्रत्येक दारांतून ये-जा मंद झाली, पण दारांची संख्या वाढली! अखेर फायदा कीं तोटा? जोंपर्यंत या दोन गोष्टी एकत्रच मोजल्या जात तोंपर्यंत याचें उत्तर देतां येत नव्हतें. त्या वेगळ्या करून दाखविण्याच्या कामांत मुंबईचा वांटा मोठा आहे. मुंबई विद्यापीठाचा रसायन-तंत्रविभाग १९३३ चा. माटुंग्याची ही संस्था यू.डी.सी.टी. या नांवानें घराघरांत माहीत झाली. मनमोहन शर्मा यांनीं केंब्रिजला डँकवर्ट्स यांच्या हाताखालीं संशोधन केलें. (हे डँकवर्ट्स म्हणजे १९४० सालीं लंडनवर पडलेले न फुटलेले सुरुंग निकामी करून जॉर्ज क्रॉस मिळविणारे गृहस्थ, बुडबुड्यांचा अभ्यास त्यांना त्यामानानें निवांत वाटला असावा.) १९६४ सालीं, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षीं, शर्मा माटुंग्यास प्राध्यापक झाले. अल्कलींत विरघळणाऱ्या कर्बद्विप्राणिल वायूची रासायनिक क्रिया ठराविक वेगानें होते. तिचा उपयोग करून केवळ पृष्ठाचें क्षेत्रफळ स्वतंत्रपणें काढतां येतें, या जातीच्या पद्धतींचें शर्मा व डँकवर्ट्स यांनीं १९७० सालीं केलेलें विवेचन आजहि प्रमाण मानलें जातें. गोव्यांतल्या माशेल येथें जन्मलेले आणि मुंबईंत वाढलेले रघुनाथ माशेलकर हे शर्मा यांचे शिष्य; बुडबुड्यांच्या स्तंभांतील द्रव्य-संक्रमणाचीं मोजमापें हेंच त्यांच्या तरुणपणींचें काम. पुढें तेच पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक झाले. शर्मा यांना १९९० सालीं रॉयल सोसायटीचें सदस्यत्व मिळालें. भारतीय अभियंत्याला मिळालेला तो पहिलाच मान.

याच काळांत हीं द्रव्यें घराघरांतून गटारांत वाहूं लागलीं होतीं. सोलापुरांत सूत रंगविणाऱ्यांना एरंडेलापासून केलेलें ‘टर्की रेड ऑइल’ जुनें. तें १८७५ च्या सुमारास निघालें. पण ‘सर्फ’ची भुकटी १९५९ मध्यें आणि ‘निरमा’ १९६९ मध्यें आल्यावर साबणाच्या वडीचें राज्य ढळलें. युरोप-अमेरिकेंत पहिल्या पिढीच्या भुकट्यांतलीं फांदीदार रेणूंचीं द्रव्यें जंतूंना पचत नसत, आणि १९५० नंतरच्या दशकांत तेथल्या नद्यांवर फेंसाचे ढीग उभे राहिले. १९६५ च्या सुमारास सरळ शेपटीचीं, जंतूंना पचणारीं द्रव्यें आलीं तेव्हां फेस ओसरला. परंतु सांडपाणी शुद्ध करण्याच्या टाकींत हवेचे बारीक बुडबुडे सोडतात तेव्हां अजूनहि स्वच्छ पाण्याच्या निम्म्यावरच प्राणवायु पाण्यांत उतरतो, असा पुष्कळ ठिकाणचा अनुभव आहे. कपड्यांतून निघालेला साबण नळाच्या दुसऱ्या टोंकाला विजेचें बिल वाढवितो, तो असा.

आतां थेंबाकडे, आणि पुन्हां सोलापूरकडे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनें २०१८ व २०१९ या दोन पावसाळ्यांत सोलापूरच्या आकाशांत मेघबीजनाचे प्रयोग केले. विमानांतून कॅल्शियम क्लोराइडाचा धूर ढगाच्या तळाशीं सोडावयाचा; त्या आर्द्रताशोषक कणांवर वाफ जमून मोठे थेंब व्हावे आणि त्यांचा पाऊस व्हावा, असा हेतु. २७६ ढग निवडले होते. त्यांतल्या कांहींवर बीजन केलें, कांहीं तुलनेसाठीं तसेच सोडले. बीजन केलेल्या भागाच्या वाऱ्याखालच्या सुमारें १०० चौरस किलोमीटर क्षेत्रांत सरासरी १८ टक्क्यांच्या आसपास अधिक पाऊस आढळला, असा निष्कर्ष २०२३ मध्यें प्रसिद्ध झाला. हा आंकडा पावसाळी ढगांवरचा आहे, निरभ्र आकाशावरचा नव्हे. जेथें ढगच नाहीं तेथें बीज पेरून कांहीं उगवत नाहीं.

मात्र सोलापूरच्या आकाशांत केवळ मीठ नाहीं. चुलींचा धूर, जळलेलें पाचट, मोटारींचा धूर यांतून निघालेलीं तेलकट, पृष्ठसक्रिय द्रव्येंहि तेथें आहेत, आणि तीं ढगांतल्या थेंबांवर जाऊन बसतात. १९९९ सालीं इटलींतल्या पो नदीच्या खोऱ्यांत शास्त्रज्ञांना असें आढळलें कीं या द्रव्यांमुळें थेंबाचा पृष्ठताण उतरतो, आणि ताण उतरला कीं चिमुकल्या कणाला थेंब होणें सोपें जातें. म्हणजे थेंबांची संख्या वाढते. पण वाफ तेवढीच असल्यामुळें एकेकाच्या वांट्याला कमी येते, आणि बारीक थेंब खालीं पडण्याइतके जड होत नाहींत. शिवाय थेंबावरचा थर दाट झाला तर वाफेला आंत शिरतांना अडवूं शकतो. दारांची संख्या आणि दारांतली ये-जा यांचा माटुंग्याच्या बुडबुड्यांतला तोच झगडा येथें मैंदर्गीच्या माथ्यावर, हजार-दोन हजार मीटर उंचीवर चालला आहे. कापराच्या कणाचा नाच परातींत मोजतां येतो. ढगांतल्या थेंबावरची साय मोजावयाची तर विमानानें ढगांत शिरून तो थेंब धरून आणावा लागतो.